गोलामागच्या मामी

फुटबॉल पाहायला येऊन चेंडूकडे न पाहणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. मामी चेंडू पाहत नसत, गोलकीपर पाहत. चेंडू पार पलीकडच्या टोकाला असायचा, सगळं मैदान माना लांब करून तिकडे बघत असायचं, आणि मामी आपल्या संघाच्या गोलामागे दगडी पायरीवर चटई टाकून समोरच्या पोराच्या पाठीवर नजर लावून बसलेल्या असायच्या. पोराने कंबरेवर हात ठेवले की जाळीतून आवाज जायचा, "हात सोड. वरात पाह्यले आला का?" मी एकदा विचारलं, मामी, खेळ तिकडे चाललाय, तुम्ही इकडे काय बघता? त्या म्हणाल्या, "चेंडूले पाह्यनारे लय हायेत. याच्याकडे कोनी पाह्यते का? गोल झाला का मंग पाह्यतात. शिव्या द्याले."

मामींची सारी नोकरी एसटी स्टँडवर झाली. चौकशीच्या खिडकीत बसायचं आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण माइक काही त्यांच्या घशातून निघाला नव्हता. "आकाश, डावीकडे सरक," हे गोलातल्या पोराला त्या अशा काही म्हणत की शेगावची गाडी फलाटाला लागली असं वाटून नवखा माणूस पिशवी उचलायचा. गोलकीपरची बाजू घेण्याचं कारणही त्या खिडकीतलंच होतं. "डेपोनं गाडी सोडली नाई, ड्रायव्हर चहाले उतरला, रस्त्यात टायर बसलं, काईबी होवो. लोकं शिव्या कोनाले देत? खिडकीतल्या बाईले. याचं तसंच हाय, सर. धा जनं चुकतात तवा चेंडू याच्यापर्यंत येते. आन नाव याचं."

त्यांना मामी म्हणायची सुरुवात त्यांच्या भाच्यापासून झाली. तो पूर्वी क्लबचा गोलकीपर होता आणि मामी त्याच्यासाठी मैदानावर येऊ लागल्या होत्या. तो मामी म्हणायचा म्हणून सगळा संघ म्हणू लागला, मग प्रेक्षक म्हणू लागले. पुढे भाचा नोकरीसाठी गाव सोडून गेला. मामी राहिल्या.

मी मूळचा वरवट बकालचा. खामगावला शाळेत नोकरी लागली तेव्हा सुरुवातीला एक खोली भाड्याने घेऊन एकटाच राहत होतो. रविवार खायला उठायचा. अशाच एका रविवारी आवाज ऐकून मैदानावर गेलो आणि रिकामी दिसली त्या पायरीवर बसलो. मामींनी वळून पाहिलं. "ते जागा इकबालभाईची हाय. ते नमाज पढून येतात, उशीर होते. तुमी कोन्या गावचे?" मी सांगितलं. "मंग उनाची सवय असन. या इथं, माह्या बाजूले." तेवढ्यावर माझी जागा पक्की झाली. इकबालभाई म्हणजे कापसाच्या जिनिंग कारखान्यातले फिटर. ते आले, माझ्याकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं, आणि खिशातल्या भाजलेल्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. त्या गावात माझी पहिली ओळख ती.

त्या पायऱ्यांवर मामींचा कायदा चाले. रेफ्रीला काहीही म्हणा, पण आईबहिणीवरून बोलायचं नाही. बोललाच कोणी, तर त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. विरोधी संघाच्या गोलकीपरला चिडवायचं नाही, कारण "त्याचीबी कोनी मामी असन." आणि मॅच संपायच्या आत उठायचं नाही. हरत असलो तर मुळीच नाही. "गाडी सुटेपर्यंत खिडकी बंद नाई करत," असं त्या म्हणत.

सगळ्यात पाहण्यासारखा प्रकार हाफटाइमला व्हायचा. संघ बाजू बदलतात, म्हणजे आपला गोलकीपर पलीकडच्या टोकाला जाणार. मामी चटई गुंडाळायच्या, पाण्याची बाटली काखेत मारायच्या आणि अख्ख्या मैदानाला वळसा घालून पलीकडच्या गोलामागे निघायच्या. त्यांच्यामागे आम्ही सगळे. जिनिंगमधले कामगार, बाजार समितीतले हमाल, दोन-चार रिक्षावाले, मी. पलीकडे पायऱ्या नव्हत्या, नुसता मातीचा बांध होता. त्यावर बसायचं. बाहेरगावच्या संघांना हे पाहून गंमत वाटे. कापसाच्या दिवसांत जिनिंगकडून उडालेला कापूस त्या बाजूच्या जाळीत अडकलेला असायचा, आणि आकाश खेळ सुरू होईपर्यंत तो वेचत उभा राहायचा.

आकाश म्हणजे आमचा गोलकीपर. तेलाच्या मिलमधल्या हमालाचा मुलगा. क्लब त्याला महिन्याला थोडा पगार द्यायचा आणि त्यावर त्याचं घर निम्मं चालायचं. एकदा भुसावळच्या संघाविरुद्ध त्याचा दिवस फारच वाईट गेला. चेंडू येत गेले आणि आत जात गेले. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या. मॅच संपली, सगळे गेले, तरी तो खांबाला पाठ लावून खाली बसून होता. मामी जाळीला वळसा घालून गेल्या, लुगड्याची पर्वा न करता त्याच्याशेजारी धुळीत बसल्या आणि डबा उघडला.

"खाय."

"मी सोडतो, मामी. नाई जमत मले."

"सोडजो. पन उपाशी नको सोडू."

त्याने खाल्लं. पुढच्या रविवारी तो गोलात उभा होता.

क्लब तोपर्यंत जुन्या लोकांच्या मंडळाकडे होता. निवृत्त खेळाडू, दोन मिलमालक, एक डॉक्टर. दिवाळीनंतर सामने सुरू व्हायचे ते शिमग्यापर्यंत चालायचे. पूर्ण मोसमाचा पास म्हणजे रबरी शिक्का मारलेला पुठ्ठ्याचा तुकडा, आणि त्याची किंमत हमालाच्या एका दिवसाच्या हजेरीइतकी. मंडळातली माणसं म्हातारी होत गेली आणि एका वर्षी क्लब नव्या व्यवस्थापनाकडे गेला. नवे अध्यक्ष शिकवणी वर्ग चालवत, प्लॉटचाही धंदा होता. माणूस गोड. सगळ्यांना नावाने हाक मारायचा. त्यांनी मैदानावर दिवे लावले, गवत लावलं, बाहेरून दोन खेळाडू आणले, आणि पास दुप्पट केला.

पायऱ्यांवर कुरकुर झाली. मामी कुरकुरल्या नाहीत. "दिवे लागले ना? मंग त्याचं बिल कोनीतरी भरनंच हाय. भरा," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांनी भरलं. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे गावात असं बोललं गेलं की बाईला पैसाच द्यायचा नव्हता.

दुसऱ्या वर्षी पास पुन्हा वाढला. आता त्यात हमालाची आठवड्याची मजुरी जात होती. इकबालभाईंना दोन मुलं. तिघांचे तीन पास परवडेनात, म्हणून त्यांनी एकच घेतला आणि तिघं पाळीने येऊ लागले. एका रविवारी बाप, एका रविवारी थोरला, एका रविवारी धाकटा. बऱ्याच घरांत असंच सुरू झालं. हे ध्यानात आल्यावर क्लबने मोसमाच्या मध्यातच पासवर फोटो लावायला सांगितला. फाटकावर नवा माणूस उभा केला. तो फोटो आणि तोंड ताडून पाहायचा.

मग इकबालभाईंनी पास थोरल्याच्या नावावर केला आणि आपण धाकट्याला घेऊन मैदानाच्या भिंतीबाहेर, गोलामागच्याच बाजूला, स्कूटर लावून उभे राहू लागले. दिसत काही नसे. आतला आवाज ऐकायचा आणि अंदाज बांधायचा. तसे आणखी वीसेक जण तिथे जमू लागले. मामींना ते कळलं. पुढच्या सामन्याला खेळ सुरू झाला तशा त्या पायरीवर उभ्या राहिल्या, भिंतीकडे तोंड वळवलं आणि पुकारायला लागल्या. "चेंडू उजवीकडून आपला सात नंबर घेऊन निघाला हाय. अकोल्याचा बॅक आडवा आला हाय. चेंडू बाहेर. थ्रो आपला." अगदी गाड्या पुकारल्यासारखं, एका सुरात, न घाई करता. भिंतीपलीकडून टाळ्या आल्या. त्या दिवशी मी मामींना पहिल्यांदा चेंडूकडे पाहताना पाहिलं. आकाशने मात्र एक साधा चेंडू सोडला. मॅचनंतर म्हणाला, "मामी, आज तुमचा आवाज माह्यासाठी नव्हता." मामी म्हणाल्या, "हाव बाप्पा. मले माईत हाय. पन ते लोकं बाहेर उभे हायेत."

तीन रविवार हे चाललं. चौथ्या रविवारी क्लबचा एक मुलगा गळ्यात ओळखपत्र घालून आला आणि नम्रपणे म्हणाला, सामना आता मोबाइलवर पैसे भरून दिसतो, त्यामुळे बाहेरच्यांना फुकट ऐकवता येणार नाही. मामींनी त्याला विचारलं, "मी माह्या तोंडानं बोलून राह्यली. तेबी तुमचं झालं का?" तो म्हणाला, मला वरून सांगितलंय. त्या खाली बसल्या. कोणाच्या पोराची नोकरी जाईल असं त्या कधी करत नसत. निदान तेव्हापर्यंत तरी नाही.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी नवे दर लागले. गोलामागच्या पायऱ्या पाडून तिथे नंबर टाकलेल्या खुर्च्या बसवायच्या ठरल्या होत्या. त्या खुर्चीचा मोसमाचा दर ऐकून इकबालभाई नुसते हसले. एवढ्यात त्यांच्या घरचा महिन्याचा किराणा येऊन वर काही उरलं असतं. कोपऱ्यातली स्वस्त जागा ठेवली होती, पण तिथून एका बाजूचा गोल दिसतच नव्हता.

मामी म्हणाल्या, जाऊन बोलू. मी आणि इकबालभाई त्यांच्यासोबत अध्यक्षांच्या ऑफिसात गेलो. अध्यक्ष उठून उभे राहिले, मामींना स्वतःच्या हाताने पाणी दिलं.

"मामी, तुम्ही म्हणजे आपल्या क्लबची शान आहात."

"ते राहू द्या. पास वाढवला, त्याचंबी मी म्हनत नाई. पायऱ्या ठेवा. खुर्च्या तुमाले पाह्यजे तथी टाका, गोलामागं आमाले बसू द्या."

"मामी, समोरून कॅमेरा लागतो. गोलामागची गर्दीच पडद्यावर दिसते. ती जरा चांगली दिसायला हवी."

"आमी काय वाईट दिसतो?"

अध्यक्षांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "तुमचा पास आजन्म मोफत. आजच ऑफिसला सांगतो. पहिल्या रांगेत खुर्ची."

"आन याइचा?" मामींनी आमच्याकडे हात केला.

"सगळ्यांना फुकट दिलं तर क्लब कसा चालायचा? खरं सांगू का, पब्लिक बदललंय. आता लोक कुटुंब घेऊन येतात, पैसे मोजतात. त्यांना खुर्ची लागते."

"लोकं नाई बदलले, अध्यक्ष. तुमी बदलवून राह्यले. हे काढून ते आनून राह्यले." मामी उठल्या. दारापर्यंत जाऊन वळल्या. "आन खुर्ची नंबरची म्हनता. हाफटाइमले बाजू बदलते. मंग उरलेली अर्धी म्याच मी कोनाच्या पोराकडे पाहू?"

अध्यक्ष मोठ्याने हसले. त्यांना तो विनोद वाटला.

बाहेर चहाच्या टपरीवर आमचे पंधरा-वीस जण थांबले होते. मामींनी घडलं ते सांगितलं, फुकट पासाचंही सांगितलं. भाषण केलं नाही. एवढंच म्हणाल्या, "कोनावर जबरदस्ती नाई. ज्याले घ्याचा त्यानं घ्यावा. मी नाई घेत." मग एकेक जण म्हणत गेला, मी पण नाही. मीही म्हणालो. माझं काय जाणार होतं? मी पगारदार माणूस, रविवारी घरी बसलो असतो. हमालांपैकी एक जण म्हणाला, "आमी काई न घेनारे नाई, मामी. आमाले घेताच येत नाई." हेही खरं होतं. निम्म्यांचा बहिष्कार होता आणि निम्म्यांची ऐपत नव्हती, आणि दोन्ही मिळून गोलामागच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

पहिला सामना आम्ही टपरीवर बसून ऐकला. ऐकायला मैदानातल्या लाउडस्पीकरवरच्या गाण्यांशिवाय काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मामींकडे चहाला बसलो होतो, तेव्हा आकाश आला. बसला नाही.

"मामी, मागं कोनीच नव्हतं. वळून पाह्यलं तं नुसत्या खुर्च्या. पाठ उघडी वाटत होती."

"होईन सवय."

"नाई होत. तुमी तरी या. तुमाले त फुकट हाय म्हनतात."

मामींनी कप खाली ठेवला. "मी एकटी आली, आकाश, तं बाकीच्याइले वाटन का मामीचं काम झालं. मंग ते पुन्हा कधी तोंड उघडनार नाईत."

"आन माह्यं काय?"

मामी उठून स्वयंपाकघरात गेल्या. आम्हाला वाटलं, काही खायला आणताहेत. त्या बऱ्याच वेळाने रिकाम्या हातांनी बाहेर आल्या. तोवर आकाश निघून गेला होता.

अध्यक्षांनी खुर्च्या भरण्यासाठी शिकवणीतल्या मुलांना फुकट पास वाटले. मुलं दोन-तीन सामने आली, मोबाइल पाहत बसली, मग परीक्षा जवळ आल्या आणि यायची बंद झाली. आमच्यातलेही काही जण गुपचूप पास काढून गेले. त्यांची नावं मी सांगत नाही, मामींनीही कधी काढली नाहीत. रस्त्यात भेटले तर त्याच आधी विचारत, "कसा खेळला आकाश?" बरा खेळला, असं ते खाली मान घालून सांगत. तो बरा खेळत नव्हता.

मोसम संपला आणि अध्यक्षांनी पत्रकारांना बोलावून क्लब बंद करत असल्याचं सांगितलं. कारण दिलं, काही प्रेक्षकांचा असहकार. मैदानाचा करार मात्र त्यांच्याकडेच राहिला. उन्हाळ्याच्या लग्नसराईत तिथे लॉन झालं होतं. तेच दिवे, तेच गवत, आणि त्याच खुर्च्यांना पांढरी कापडं. इकबालभाई म्हणाले, "इनको मैदान ही चाहिए था, सर. पहले दिन से." असेल. नसेलही. कदाचित त्या माणसाला खरंच क्लब चालवायचा असेल आणि जमला नसेल. मला ते आजही माहीत नाही. पण गावाला सगळं माहीत होतं. गावाने ठरवलं, मामींनी फुटबॉल बंद पाडला.

आठवडी बाजारात मी स्वतः ऐकलं. मामी वांगी निवडत होत्या. आमच्याच पायरीवर कित्येक वर्षं बसलेला एक दुकानदार शेजारी येऊन उभा राहिला. "मामी, महाग का होईना, होतं तं सही. आता घ्या. ना तुमाले ना आमाले." आजूबाजूच्या दोघातिघांनी मान डोलावली. ज्या दिवशी टपरीवर सगळे मामींमागे उभे होते, त्या दिवशी हाही होता. मामींनी वांगी तोलायला दिली, पिशवीत घेतली आणि चालू लागल्या. मी त्या दुकानदाराशी भांडणार होतो. त्यांनी माझ्या हातात पिशवी दिली, म्हणजे मला त्यांच्याबरोबर चालावंच लागलं.

खरा घाव आकाशच्या आईने घातला. ती दारात येऊन उभी राहिली, आत यायला तयार नव्हती. "तुमाले काय, तुमाले पेन्शन हाय. खुर्चीसाठी भांडल्या आन माह्या पोराची रोजी खाल्ली." गल्लीत सगळ्यांनी ऐकलं. मामी उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. बाई गेल्यावर मी म्हणालो, मामी, तुम्ही मनावर घेऊ नका. त्या म्हणाल्या, "ते खोटं काय बोलली?"

आकाश पुण्याला गेला, कुठल्याशा मालाच्या गोदामात कामाला. जाताना तो मामींना भेटला नाही. त्याने तसं ठरवून केलं की गडबडीत राहून गेलं, देव जाणे. मामी दोन दिवस संध्याकाळी ओट्यावर बसून होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "सर, खरं सांगा. मी चुकली का?"

"नाही, मामी."

"मंग हे त्याच्या मायले जाऊन सांगा. मले काऊन सांगता?"

मी गेलो नाही. जाऊन काय सांगणार होतो? पायऱ्या सगळ्यांच्या असाव्यात, असं तुमच्या मुलाच्या रिकाम्या खिशाला सांगा?

पुढच्या वर्षी मामींचा मुलगा त्यांना आपल्याकडे नाशिकला घेऊन गेला. खरं तर तो कधीपासून बोलावत होता आणि मामी क्लबचं कारण सांगून टाळत होत्या. आता कारण उरलं नव्हतं. स्टँडवर निरोप द्यायला इकबालभाई आणि मी, दोघंच. जिथे त्यांनी उभी नोकरी काढली तिथे आता गाड्या पुकारायला ध्वनिमुद्रित आवाज लावलेला होता. मामींनी थोडा वेळ कान देऊन ऐकला. "बाई चांगली बोलते," त्या म्हणाल्या. "पन गाडीले उशीर काऊन झाला, ते नाई सांगत." गाडी लागली. इकबालभाईंनी शेंगांची पुडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती ठेवून घेतली आणि आमच्याकडे न पाहता वर चढल्या.

एकदा शाळेच्या कामाने नाशिकला गेलो तेव्हा त्यांना भेटलो. चौथ्या मजल्यावरचं घर, स्वच्छ, शांत. सूनबाईंनी कौतुकाने सांगितलं की घरी मोठ्या टीव्हीवर परदेशातला फुटबॉल दिसतो, पण आई बघतच नाहीत. मामी वाळल्या होत्या. त्यांनी वरवटच्या पावसापाण्याची विचारपूस केली, माझ्या मुलीच्या शाळेची केली, इकबालभाईंच्या धाकट्याची केली. आकाशचं नाव मीच काढलं. तो अजून गोदामातच आहे, बढती झाली आहे, लग्न ठरलंय, असं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मी बरोबर होती, सर. ते आता मले पक्कं समजलं. पन ज्याचं नुकसान झालं, ते मी नव्हती."

निघताना त्यांनी मला खाली फाटकापर्यंत सोडलं. लिफ्ट नको म्हणाल्या, जिन्याने उतरल्या, प्रत्येक वळणावर कठड्याला धरून थांबत.

गेल्या वर्षी त्या वारल्या. बातमी त्यांच्या मुलाने मला कळवली. आमचा मोबाइलवरचा गट अजून होता, नाव 'गोलामागचे', बरेच महिने त्यावर कोणी काही लिहिलं नव्हतं. मी ती बातमी तिथे टाकली. हात जोडल्याची चित्रं एकामागून एक आली. पंधरावीस चित्रांनंतर कोणीतरी विचारलं, गावात पुन्हा लीग सुरू होतेय म्हणतात, खरं का? मग सगळे त्यावरच बोलू लागले. मामींचं वर सरकत सरकत दिसेनासं झालं.

लीगचं खरं होतं. या खेपेला चालवणारी बाहेरगावची माणसं होती, मैदानही नवं, बायपासच्या बाजूला. त्यांनी एका सभागृहात गावातल्या फुटबॉलवाल्यांना बोलावलं. सभागृह भरलं. मंचावरच्या माणसाने पडद्यावर चित्रं दाखवली आणि म्हणाला, पासची किंमत आपण नंतर जाहीर करू, आधी नावं द्या. लोक उठून रांगेत लागले. किंमत न कळता. इकबालभाईंनीही तिघांची नावं दिली आणि माझ्याशेजारी येऊन बसले, माझ्याकडे न बघता.

मी उभा राहिलो. विचारलं, "पुढच्या वर्षी किती वाढवणार? आणि ज्याला परवडणार नाही तो कुठे बसणार?"

मागून आवाज आला. मी वळलो नाही, पण ओळखला. बाजारातला तोच दुकानदार. "बसा ना, सर. एकदा बंद पाडलं तेवढं पुरे नाई झालं का?" कोणी हसलं, दोघातिघांनी टाळ्या दिल्या. इकबालभाई हळूच म्हणाले, "बैठ जाओ, सर."

मी बसलो नाही. मंचावरच्या माणसाने पाण्याचा एक घोट घेतला, माझ्याकडे पाहून गोड हसला आणि पुढचा प्रश्न मागितला. पुढचा प्रश्न, खुर्च्यांना गादी असेल का, हा होता.